उसनं नाव

जळकोटात शिवप्रसाद होनरावच्या दुकानातून भांडं बाहेर पडायचं, तर त्याच्यावर नाव पडल्याबिगर पडायचं नाही. गिऱ्हाईक घाईत असो, एस्टी सुटायला आलेली असो, शिवप्रसाद म्हणायचा, "थांबा जरा. बेवारशी भांडं देत न्हाई मी." मग आतल्या अंगाला बसलेली त्याची लेक दामिनी कोरायचं मशीन हातात घ्यायची. घर्रर्र आवाज, पितळेचा बारीक भुगा, आणि तांब्याच्या काठाखाली नाव. शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात आणि मशीन हातात. बारावी होईस्तोवर तिनं अर्ध्या तालुक्याची नावं कोरली असतील. लग्नातली, बारशातली, मेलेल्या माणसांच्या आठवणीतली. 'कै.' कोरताना तिचा हात कापायचा नाही. बघणाऱ्याचा कापायचा.

आई कमलम्मा औरादकडची, माहेर कानडी. बोलणं मराठीत, भांडण कानडीत. ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "भांड्यावर नाव कामून कोरत्यात, ठाव हाय का गं यव्वा?"

"कुणाचं हाय ते कळावं म्हणून, अव्वा."

"न्हाई. विचारायची येळ येऊ नये म्हणून. शेजारणीच्या दारात उभं राहून 'ही वाटी कुणाची वो?' म्हणलं की संपलं. तिला वाटतंय, हिनं मला चोर धरलं. नाव आसलं की गुमान उलटी करून बघायची, आन् ज्याची त्याला द्यायची."

त्या भागात रीतच तशी. तुझं का माझं, हे तोंडानं विचारायचं नसतं. विचारलं की समोरचा हसून म्हणतो, "घरचंच समजा की," आणि मनात गाठ मारून ठेवतो. म्हणून ते काम भांड्याच्या बुडाकडं दिलेलं.

शिवप्रसादला लेक डॉक्टर करायची होती. त्यानं तिला लातूरला शिकवणीत घातली. दामिनी एका खोलीत चौघींबरोबर राहिली, भिंतीवर हाडांची चित्रं लावली, आणि मार्क कमी पडले. लातुरात ज्याचे मार्क कमी पडतात तो इंजिनिअर होतो, तशी तीही झाली, नांदेडला. दुकानात शिवप्रसादला कुणी विचारलं, "लेक काय करून राह्यली?" तर तो म्हणायचा, "कंप्युटरवर हाय," आणि तराजू पुसायला लागायचा.

पुढं तिला नांदेडातच श्रीनाथच्या ऑफिसात काम लागलं. दोन खोल्या, एक गॅलरी, चौघं माणसं. श्रीनाथचे वडील शरदचंद्र सर तंत्रनिकेतनात शिकवायचे. निवृत्त व्हायच्या कितीतरी आधी त्यांनी गावातल्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी प्रोग्राम लिहून दिला होता, सी नावाच्या भाषेत. ही भाषा म्हणजे जुन्या काळचा मिस्त्री. काम चोख, पण बोलत नाही. तुम्ही चुकीच्या खांबावर वजन टाकलं तर टाकू देईल, आणि पडल्यावरही काही म्हणणार नाही. त्या प्रोग्रामचं काम एवढंच, की बाटलीवरच्या आकड्यावरून माणसाचं नाव काढायचं, मशीननं रक्त तपासलं की निकाल घ्यायचा, आणि दोघांची गाठ घालायची. वीस वर्षं तो चालला. त्याच्या पोटात हात घालायची कुणाची छाती नव्हती.

मग लॅबनं नवं मशीन घेतलं. एका दमात शंभर बाटल्या लावायच्या, ओळीनं तपासून होतात. जुना प्रोग्राम तेवढा पळेना. श्रीनाथनं ठरवलं, मशीनशी बोलायचं काम बाबांच्या सीकडंच ठेवायचं, आणि त्याच्या वर नवा प्रोग्राम रस्ट नावाच्या नव्या भाषेत बांधायचा. ते काम दामिनीकडं आलं.

रस्टचा स्वभाव तिला पहिल्या दिवशीच आवडला, कारण तो शिवप्रसादसारखा होता. बेवारशी भांडं पुढं जाऊ देत नाही. ही वस्तू कुणाची, कुणी उसनी घेतली, कधी परत करणार, हे सगळं लिहून दिल्याशिवाय प्रोग्राम तयारच होत नाही. पण त्याचा हा दरारा त्याच्या स्वतःच्या अंगणापुरता. शेजारच्या सीच्या घरातून काही आणायचं असलं, तर तो म्हणतो, तिकडचं मला दिसत नाही, तू तुझ्या जिम्म्यावर आण. तसं लिहून द्यावं लागतं. खाली सही केल्यासारखंच ते.

दामिनीनं काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. दोन भाषांमधून नावं न्यायची-आणायची म्हणजे काय, हे तिला कळत होतं. प्रोग्रामच्या भाषेत नावाला स्ट्रिंग म्हणतात, अक्षरांची माळ. सीला माळेची लांबी ठाऊक नसते, शेवटी एक शून्य सापडेस्तोवर तो वाचत जातो. रस्टला लांबी आधी लागते. मराठी अक्षर आत तीन-तीन तुकड्यांचं, मधेच कापलं तर चिंध्या होतात. हे सगळं तिनं निगुतीनं सांभाळलं. सरांची काही फंक्शनं, म्हणजे एकेका कामाचे छोटे तुकडे, मेमरीत नवी जागा घेऊन त्यात स्ट्रिंग भरून हातात द्यायची. ती जागा काम झाल्यावर सरांच्याच दुसऱ्या फंक्शनकडं परत करावी लागे, आपण फेकायची नसते. तिनं एकूण एक जागा परत केली, शेजारणीची वाटी घासून द्यावी तशी.

एक फंक्शन राहिलं होतं. बाटलीचा आकडा दिला की माणसाचं नाव सांगणारं. ते जागा नवी घेत होतं का, हे कोडवरून पटकन कळेना. सरांनी तिथं काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं. रस्टनं तिला अडवलं: हे नाव किती काळ टिकणार?

तिनं सरांना फोन लावला. "सर, ते नाव देणारं फंक्शन हाय ना… ते नाव म्हणजे… मी तसंच वापरू का?"

"अगं, वीस वर्षं वापरतोय आम्ही," सर हसले. "घरचंच समज."

पुढं विचारणं तिच्या जिभेवर आलं होतं. सर, ते तुमचं का माझं? पण घरचंच समज म्हणल्यावर कसं विचारायचं? तिनं "हो सर" म्हणून फोन ठेवला. नाव आहे, म्हणजे कोरलेलंच असणार, असं तिच्या हातानं गृहीत धरलं. रस्टच्या प्रश्नाला तिनं उत्तर लिहिलं: कायम. आणि खाली सही केल्यासारखं, माझ्या जिम्म्यावर.

एकेक बाटली लावून तपासलं. सगळं बरोबर आलं. श्रीनाथनं पेढे आणले.

शंभर बाटल्या एका दमात लावायची वेळ आली ती पावसाळा सरल्यावर, लॅबला किनवटकडच्या आश्रमशाळांचं काम मिळालं तेव्हा. तिकडं जंगलातल्या गावांत सिकलसेलचा आजार लई. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि लेकरू सांधे धरून ओरडतं. कुणाला आजार आहे, कुणी नुसतं वाहक आहे, कुणी मोकळं आहे, हे तपासायचं होतं. वसतिगृहातल्या लेकरांची रांग लावून रक्त घ्यायचं, बर्फाच्या पेटीतून रेल्वेनं नांदेडला आणायचं आणि मशीनला लावायचं. हे काम आनंदराजचं. तो मूळचा किनवटचाच, लॅबमधला जुना टेक्निशियन. त्यानं हातात सुई धरली की लेकरू रडेपर्यंत काम उरकलेलं असायचं.

दोन-तीन शिबिरं झाली आणि आनंदराजवर ठपका आला. दर शिबिरात कुण्यातरी एका लेकराचा निकाल यायचा नाही, मशीन म्हणायचं नमुना मिळाला नाही. आणि कुण्यातरी एकाचे दोन-दोन निकाल यायचे. लॅबच्या डॉक्टर मुग्धा मॅडम शिस्तीच्या. त्यांनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा किनवटहून वसतिगृहाच्या अधीक्षिका आरतीताईंचा फोन आला. सुकन्या नावाच्या पोरीचा कागद सांगतो की ती ठणठणीत, आणि ती आठवड्याला अंथरूण धरते, कंबर धरून रात्र काढते. वर्गातल्या पोरी म्हणतात, नाटकं करती. आणि पंचशीला नावाची पोर, कबड्डीत पोरांना लोळवणारी, तिच्या कागदावर आजार. तिचं पळणं बंद केलं, गोळ्या सुरू केल्या, आणि ती जेवणाच्या रांगेतही पोरींना ढकलून पुढं जाते.

मुग्धा मॅडमनी आनंदराजला समोर बसवून सांगितलं, बाटल्यांची अदलाबदल म्हणजे हयगयीची हद्द झाली. हा महिना भरून दुसरीकडं बघा.

दामिनी त्या दिवशी प्रिंटरच्या कामाला लॅबमध्ये गेली होती. आनंदराज मागच्या बाकावर बसून रिकाम्या बाटल्या खोक्यात भरत होता.

"दादा, कानावर आलं माझ्या," ती म्हणाली.

"सगळ्यांच्याच आलंय. कान सगळ्यांना हायत. विचारायला तुम्हीच आलात."

"अदलाबदल झाली तरी कशी?"

आनंदराजनं खोकं खाली ठेवलं. "ताई, एक सांगा मला. दर खेपेला पहिल्याच लेकराची बाटली कशी हरवंल? चोर बी मधली उचलतो. आन् दोन निकाल येत्यात ते दर खेपेला शेवटच्याच लेकराचे. म्या येडा जरी आसलो, तरी इतका रांगेतला येडा न्हाई."

दामिनीनं खोक्यातल्या चार बाटल्या काढून ओळीनं लावल्या. पहिला गायब, शेवटचा दोनदा. पंगतीत वाढपी पहिलं पान सोडून एक पान पुढं धरून वाढत गेला, तर पहिला उपाशी राहतो, शेवटच्यापुढं दोनदा येतं, आणि मधल्या सगळ्यांना वाढलेलं असतं. मधले कुणी ओरडत नाहीत. पण ज्याच्या पानात पडलंय ते त्याचं नसतं.

"दादा, तुमचं रक्त काढा," ती म्हणाली. "आन् माझं बी."

आनंदराजला आपण वाहक असल्याचं ठाऊक होतं, लॅबमध्ये लागला तेव्हाच तपासलं होतं. पहिली बाटली त्याची लावली, दुसरी दामिनीची. आधी एकेक करून. दोन्ही निकाल ज्याचे त्याला आले. मग दोन्ही एका दमात, शिबिरात लावतात तशा. मशीननं पहिली आत घेतली, ती तपासून होईस्तोवर दुसरीचा आकडा वाचून ठेवला. कागद बाहेर आला. आनंदराज: नमुना मिळाला नाही. दामिनी: वाहक. पुन्हा दामिनी: मोकळी.

आनंदराजनं कागद वाचला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या रक्तात मी आलो की. जळकोटात सांगू नका, तुमचे अप्पा दुकान धुवून काढतील."

ती हसली नाही. तोही हसला नव्हता.

ऑफिसात येऊन तिनं सरांचा कोड उघडला, आणि या खेपेला ओळ न् ओळ वाचली. ते फंक्शन नवी जागा घेतच नव्हतं. सरांच्या घरात एकच पाटी होती. कुणाचंही नाव विचारा, सर त्या पाटीवर खडूनं लिहायचे आणि म्हणायचे, ते बघ तिथं आहे. विचारणाऱ्यानं ते लगेच आपल्याकडं उतरवून घ्यायचं. कारण पुढचा आकडा आला की पाटी पुसून दुसरं नाव. दामिनीचा प्रोग्राम नाव उतरवून घेतच नव्हता. तो पाटी कुठं टांगलीय तेवढं लक्षात ठेवत होता. निकाल हातात आला की पाटीकडं बघायचा, आणि तोवर तिच्यावर पुढच्या लेकराचं नाव पडलेलं असायचं. एकेक बाटली लावली तर पाटी पुसायला कुणी यायचंच नाही. खरं उत्तर लिहिलं असतं तर रस्टनं तिथंच अडवलं असतं, त्यानं विचारलंही होतं. तिनंच लिहून दिलं होतं: कायम.

श्रीनाथ तिच्या खुर्चीमागं उभा राहून ऐकत होता. मग वाकून त्यानं ती 'कायम' लिहिलेली ओळ बघितली.

"दुरुस्ती किती ओळींची?"

"एकच ओळ. नाव हातात आल्या आल्या उतरून घ्यायचं."

"मग करून टाक. आजच नवीन व्हर्जन चढवू. लॅबला सांगू की दर्जा तपासणीसाठी जुने नमुने परत तपासा. सगळ्यांचं नीट होईल, कुणाचं नाव न येता."

"आन् आनंदराजदादा?"

"त्याच्यासाठी मी मॅडमना शब्द टाकतो. नोकरी वाचली की तो कशाला बोलेल?" श्रीनाथनं खुर्ची ओढून बसून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. दामिनीच्या बापाला अटॅक आला तेव्हा त्यानं स्वतः गाडी काढून जळकोट गाठलं होतं. "दामिनी, एक ओळ आहे. एका ओळीसाठी चार घरं उघड्यावर पडतील."

"ओळ एकच हाय, सर. लेकरं लई हायत. अन् नमुने कुठं हायत जुने? ते तर फेकून दिले. लेकरांना परत टोचावं लागंल, अन् कामून ते सांगावं लागंल."

"उद्या बोलू," श्रीनाथ म्हणाला.

उद्यापर्यंत ती थांबली नाही. सांच्याला ती शरदचंद्र सरांच्या घरी गेली. सर झोपाळ्यावर बसून रेडिओ ऐकत होते. तिनं लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा बदलला, वाचलं, आणि पहिल्यांदा आवाज चढवला.

"यात काय चूक आहे? हे मी मुद्दाम असं लिहिलंय. त्या वेळी मेमरी म्हणजे चिमूटभर असायची. एकच जागा, लगेच उतरवून घ्यायचं. सरळ गोष्ट आहे."

"कुठं लिहिलंय ते, सर?"

"लिहायचं काय त्यात? मीच तर वापरत होतो."

"मी फोन केला होता तुम्हाला. तुम्ही म्हणालात, घरचंच समज."

"मग स्पष्ट विचारायचं नाही का?"

"काय विचारू? हे नाव तुमचं का माझं म्हणून? तुम्हाला?"

सरांनी रेडिओ बंद केला. आत कुकरची शिट्टी झाली, तरी ते हलले नाहीत. मग चष्मा काढून म्हणाले, "विचारलं असतंस तर मला राग आला असता. हे खरं आहे."

दामिनी लॅपटॉप उचलायला वाकली, पण त्यांनी तो सोडला नाही.

"श्रीनाथ काय म्हणतो?"

तिनं सांगितलं.

सर पुन्हा स्क्रीनकडं बघत राहिले, आपल्याच हस्ताक्षरातलं जुनं पत्र बघावं तसे. "तो माझा मुलगा आहे. त्याला मी काही सांगणार नाही. पण सांगू नको, असं तुलाही म्हणणार नाही. चहा घेऊन जा."

चहा तिनं घेतला. नाही म्हणणं त्या घरात वाईट दिसलं असतं. कप धुवून पालथा घातला आणि निघाली.

सकाळी मुग्धा मॅडम लॅबमध्ये येण्याआधीच ती दारात होती. तिनं सगळं सांगितलं. पाटी, पंगत, कायम. कुणी लिहिलं म्हणल्यावर ती म्हणाली, "जुनं सरांनी. पण गाठ मी घातली. वाचायचं काम माझं हुतं."

मॅडमनी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "किती जणांचे?"

"एका दमात लावलेले सगळेच चुकीचे धरा. एखादा बरोबर निघाला तर ते नशीब."

"त्या प्रत्येक कागदावर माझी सही आहे." मॅडम खिडकीकडं बघत बोलत होत्या. "मी आनंदराजला म्हणाले, हयगयीची हद्द झाली. बाटली हातात धरणारा तोच होता, म्हणून तोच दिसला मला." मग त्यांनी आनंदराजला आत बोलावलं, आणि दामिनीला म्हणाल्या, "तू थांब. तुझ्यासमोरच बोलते."

त्या बोलल्या, चुकलं म्हणाल्या, कामावर राहा म्हणाल्या. आनंदराजनं हात मागं बांधून ऐकून घेतलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "मॅडम, काढायच्या आधी एकदा मशीनला बी विचारलं असतं तर बरं झालं असतं."

लॅबनं श्रीनाथचं काम थांबवलं. श्रीनाथनं दामिनीला काढलं नाही. दुरुस्ती होईस्तोवर काढता येतही नव्हतं. फक्त तो तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला, आणि शेजारच्या टेबलावरच्या पोरानं दुसरीकडं नोकरी धरली. दामिनीनं ती एक ओळ बदलली, आणि मग बसून सरांच्या कोडमधलं एकेक फंक्शन उलटं करून बघितलं, वाटीचं बूड बघावं तसं. जे आपली वस्तू नुसती दाखवतं, त्याच्या नावापुढं तिनं 'उसनं' जोडलं. जे कायमचं हातात देतं, त्याच्यापुढं 'दिलं'. ज्याची जागा परत करावी लागते, त्याच्यापुढं 'परत'. नावं वाचायला ओबडधोबड झाली. एका जाणत्यानं नंतर तिला सांगितलंही, की एवढं उघडंवाघडं कुणी लिहीत नाही. ती म्हणाली, "विचारायची येळ येऊ नये म्हणून हाय ते."

मग किनवट. रेल्वेनं गेले, ती आणि आनंदराज. मॅडमनी तिला जा म्हणलं नव्हतं. आनंदराजनंही ये म्हणलं नव्हतं. त्यानं खिडकीची जागा स्वतः घेतली, पेटी मधे ठेवली, आणि भोकर मागं पडेस्तोवर बोलला नाही. मग डबा उघडून भाकरीचा तुकडा तिच्याकडं सरकवला आणि म्हणाला, "तिथं रडू नका. लेकरं आधीच भेलेली आसत्यात."

वसतिगृहाच्या व्हरांड्यात रांग लागली. आरतीताईंनी लेकरांना सांगितलं, की मागचे कागद चुकलेत, परत रक्त द्यायचंय. एक बारकं पोरगं म्हणालं, "मागचं परत द्या की मंग." आनंदराज म्हणाला, "ते डासानं पिलं."

पंचशीला रांग सोडून पुढं आली. "म्हंजी मला काही न्हाई?"

"आधी तपासू," आनंदराज म्हणाला.

"मी सांगून राह्यले व्हते की! कुणी ऐकलं का? ह्या आरतीताईनं मला मैदानात पाय ठेवू दिला न्हाई. पोराकडच्यांनी तर जमलेली सोयरीक मोडली माझ्या बहिणीची, घरात रोग हाय म्हणून." ती दामिनीकडं वळली. "तुमी कोण?"

"चूक माझ्या हातनं झाली," दामिनी म्हणाली.

पंचशीलानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तरीच," ती म्हणाली, आणि बाही वर करून बसली.

सुकन्या रांगेत नव्हती. ती आत खाटेवर होती. आनंदराज पेटी घेऊन आत गेला, दामिनी मागनं. पोर बारीक, डोळे पिवळट, एक पाय उशीवर. कमरेच्या खुब्याच्या हाडाला रक्त पोचेनासं झालं होतं. मॅडमनी नंतर सांगितलं, की आधी कळलं असतं तरी पाय वाचलाच असता असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण गोळी वेळेवर लागली असती, आणि पोरीला नाटकं करती म्हणून पाण्याच्या बादल्या उचलायला लावल्या नसत्या.

दामिनीनं खाटेजवळ बसून सांगितलं. पाटीचं सांगितलं नाही, पंगतीचं सांगितलं. सुकन्या ऐकत होती. मधे एकदा पाय हलवला आणि दात आवळले.

"मंग माझं रक्त इतके दिवस कुणाच्या नावावर व्हतं?"

"पंचशीलाच्या."

"अन् माझ्या नावावर?"

"तुझ्या पुढं रांगेत जी व्हती, तिचं."

सुकन्यानं भिंतीकडं तोंड केलं. दामिनीला वाटलं, झालं. पण थोड्या वेळानं पोरीनं हात मागं लांबवला, तोंड न वळवता. आनंदराजनं सुई घातली. बाटली भरली. दामिनीनं चिठ्ठी चिकटवून त्यावर पेनानं नाव लिहिलं, तिच्या जुन्या सवयीनं, कोरल्यासारखं दाबून. ती बाटली पेटीत ठेवायला लागली तशी सुकन्या वळली.

"दाखवा."

दामिनीनं दाखवली. पोरीनं बाटली स्वतःच्या हातात घेतली, चिठ्ठीवरचं नाव तोंडातल्या तोंडात वाचलं, आडनावासगट. बाटली अजून कोमट होती.

"हाव," ती म्हणाली, तिकडचं 'हो', आणि मग दिली.

खरे निकाल आले. पंचशीला मोकळी होती. सुकन्याला आजार होता. तिच्यासारखी अजून काही लेकरं निघाली, आणि काहींच्या गोळ्या उगीच चालू होत्या त्या बंद झाल्या. पंचशीला त्याच हिवाळ्यात कबड्डी खेळायला माहूरला गेली. तिच्या बहिणीची सोयरीक परत जुळली नाही.

दामिनीनं पुढं श्रीनाथचं ऑफिस सोडलं. आता ती लातूरला असते, दुसऱ्या जागी. तिथं तिची एक ख्याती झालीय. नवं माणूस कामाला आलं, कोड दाखवायला लागलं, की ती मधेच बोट ठेवून विचारते, "हे कुणाचं?" माणूस म्हणतो, आपलंच की. ती म्हणते, "आपलं म्हंजी कुणाचं?" लोकांना ते लागतं. लागलं तर लागलं. कमलम्माच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "आसं तोंडावर विचारतीस? कोण करून घेईल गं तुला?" शिवप्रसाद तराजू पुसत म्हणाला, "विचारू दे."

किनवटचं शिबिर दर वर्षी लागतं, नव्या लेकरांसाठी आणि आजार निघालेल्यांचं रक्त परत बघायला. दामिनी रजा टाकून जाते, तिला कुणी बोलावत नाही. आनंदराज पेटी मधे ठेवतो आणि आता खिडकीची जागा सोडतो. ती चिठ्ठ्यांवर नावं लिहायला बसते, आणि प्रत्येक लेकराच्या हातात बाटली देऊन वाचून घ्यायला लावते. त्यानं रांग लांबते, आरतीताई वैतागतात.

सुकन्या रांगेत येते. एक पाय ओढत येते, त्यामुळं ती येताना आधी ऐकू येते. दामिनीला ती नमस्कार करत नाही, की टाळत नाही. हात पुढं करते. बाटली भरली की घेते, उजेडाकडं धरते, नाव वाचते.

"हाव," म्हणते, आणि पुढं सरकते.